लामेलोला विकायचं की ठेवायचं? हॉर्नेट्स पाहणाऱ्यांनी मत द्या

अंबिया_वरूड | २४ जुलै २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातला, संत्र्याचा कास्तकार. डिसेंबर २०२० पासून शार्लट हॉर्नेट्स, म्हणजे अमेरिकेतल्या NBA बास्केटबॉल लीगचा संघ, पाहतो. लॉकडाऊनमध्ये अमरावतीचं कॉलेज बंद झालं, खोली सोडून गावी आलो, आणि त्याच हंगामात आपला मुख्य खेळाडू लामेलो बॉल लीगमध्ये उतरला. तेव्हापासून हिवाळ्यात पहाटे साडेपाचचा सामना आणि बगीच्याचं ओलित माझं सोबतच चालतं.

लहान संघ आहे, गावात दुसरं कोणी पाहत नाही, म्हणून इथं विचारतो. लामेलोला आत्ता विकावं का?

आधी माझ्या मनात काय आहे ते सांगतो. ९ फेब्रुवारीची सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. अंबिया बहाराचा ताण (फुलासाठी झाडाचं पाणी बंद ठेवणं) तोडून झाला होता, झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती, त्या वासानं डोकं जड व्हावं इतकी. पाचला लाईन आली, मोटर चालू केली, स्टार्टरच्या पेटीवर मोबाईल टेकवला, तर बातमी आली की आपल्या उंच मार्क विल्यम्सचा सौदा मोडला. तीन दिवस आधी लेकर्सनी त्याच्या बदल्यात डाल्टन क्नेक्ट, कॅम रेडिश, २०३१ चं पहिल्या फेरीचं पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला नंबर) आणि २०३० मध्ये पिक अदलाबदलीचा हक्क द्यायचं कबूल केलं होतं. २०३१ च्या पिकावर कसलीही अट नाही. तेव्हा लेब्रॉन खेळत नसणार, लेकर्स कुठं असतील कोणाला माहीत. मी धाकट्या भावाला म्हणालो होतो की नऊ वर्षांत आपल्याकडून असा सौदा झाला नाही. आणि लेकर्सनी वैद्यकीय तपासणीत पोराला नापास केलं, इसार परत.

त्या पोराचं मला फार वाईट वाटलं. विकला गेला, निरोप घेतला, आणि परत त्याच संघात येऊन उभा राहिला. पुढं जूनमध्ये तो फिनिक्सला गेला. त्याच्या बदल्यात २९ वं पिक आणि २०२९ चं एक पहिल्या फेरीचं पिक मिळालं. लेकर्सएवढा भाव नाही आला, पण फेकलाही नाही.

या व्यवस्थापनाचं, म्हणजे खेळाडूंचे सौदे बघणारा जेफ पीटरसन आल्यापासूनचं, मला हेच आवडतं. एक साखळी बघा. फेब्रुवारी २०२४ ला, पीटरसन यायच्या थोडं आधी, गॉर्डन हेवर्ड ओक्लाहोमाला दिला, त्यातून ट्रे मॅन आणि मिचिच आले. वर्षभरानं मिचिच आणि कोडी मार्टिन फिनिक्सला दिले, तिकडून नुर्किच आला आणि सोबत पहिल्या फेरीचं पिक. आता या उन्हाळ्यात नुर्किच युटाला दिला आणि कॉलिन सेक्स्टन आला, वर दुसऱ्या फेरीचं पिक. जो हेवर्ड त्या हंगामानंतर निवृत्तच झाला, त्याच्यापासून हे सगळं निघालं. बाजारात असा माणूस सोबत असावा.

पण हे सगळं कडेचं झालं. मधलं खोड लामेलो आहे. पाच वर्षांचा, सुमारे २० कोटी डॉलरचा करार, २०२९ पर्यंत. येत्या हंगामाचा पगार जवळपास ३ कोटी ८० लाख. आणि खेळलेले सामने असे: पहिल्या वर्षी ५१, मग ७५, मग ३६, २२, ४७. ज्या वर्षी ७५ खेळला त्या वर्षी आपण ४३ जिंकलो. मागच्या वर्षी १९ जिंकले, ६३ हरलो. २०१६ नंतर प्लेऑफ नाही, आजच्या घडीला लीगमध्ये सगळ्यांत लांब दुष्काळ आपलाच.

आणि मुद्दाम हरूनही हाती काय आलं? निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत आपल्याला पहिल्या नंबरची १४ टक्के संधी होती. डॅलसला १.८ टक्के होती आणि सगळ्यांना हवा असलेला कूपर फ्लॅग डॅलसला गेला. युटा फक्त १७ जिंकून तळाला होता, त्यांना पाचवा नंबर. आम्ही अंबियासाठी डिसेंबरात झाडाला पाणी तोडतो, पानं मलूल झाली की मग सोडतो, तेव्हा फूल फुटतं. भारी जमिनीत ताण जास्त दिवस, हलक्यात कमी. ताण लांबला तर झाड फुलायचं सोडून वाळायला लागतं, सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढता काढता हात दुखतात. हॉर्नेट्सचा ताण मला आता तसा वाटतो.

तरी यंदा आशा आहे. चौथ्या नंबरवर कॉन कनिपल आला. परवाच समर लीग, म्हणजे नव्या पोरांची उन्हाळी स्पर्धा, जिंकली, अंतिम सामन्यात सर्वोत्तम तोच. ब्रँडन मिलर मनगटाच्या शस्त्रक्रियेनं २७ च सामने खेळला होता, तो परत येतोय. म्हणून विकू नये असं वाटतं, आणि म्हणूनच विकावं असंही वाटतं, कारण हे दोघं लहान आहेत.

माझा स्वतःचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. एका वर्षी ऑगस्टमध्ये, फळ लिंबाएवढं असताना, घरच्या दवाखान्यासाठी पैसा लागला म्हणून बगीचा व्यापाऱ्याला उक्ता दिला. दिवाळीनंतर भाव चढला आणि माझ्याच झाडाचा माल दुसऱ्याच्या नावानं गाडीत भरताना बघितला. पुढच्या वर्षी धरून ठेवला, तर सतत पाऊस, फळगळ झाली, झाडाखाली पिवळा सडा. दोन्ही वेळा त्या त्या दिवशी माझा निर्णय मला बरोबरच वाटला होता.

तुम्ही काय कराल?

---

काटोल_ते_कोर्ट | २४ जुलै, रात्री ११.१५

दादा, मी विकीन. आणि याच उन्हाळ्यात विकीन.

मी मूळ काटोलचा, आता नागपुरात पोरांना शिकवतो. तुम्ही सामन्यांचे आकडे दिलेच आहेत, तेच नीट वाचा. शेवटच्या तीन हंगामांत मिळून १०५ सामने. तीन हंगामांचे २४६ होतात. निम्मेही नाहीत. या माणसावर तुम्ही संघ उभा करताय.

वय बघा. मिलर २२, कनिपल १९. लामेलो ऑगस्टमध्ये २४ चा होतो. म्हातारा नाही, पण हे दोघं तयार होतील तेव्हा त्याचा करार संपत आलेला असेल. मग काय, पुन्हा नवा मोठा करार? पुन्हा पुन्हा दुखावणाऱ्या त्या घोट्यावर?

मोठा खेळाडू विकून संघ बुडतो हे खरं नाही. २०१९ ला ओक्लाहोमानं पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला. बदल्यात पाच पहिल्या फेरीची पिकं, अदलाबदलीचे हक्क आणि शाय गिल्जस-अलेक्झांडर. त्यातल्याच एका पिकावर २०२२ ला बारावा जेलन विल्यम्स आला. मागच्या महिन्यात ते अजिंक्य झाले. शाय हंगामाचाही सर्वोत्तम, अंतिम फेरीचाही.

दुसरं, ज्याला दोन्ही बाजूंचा फायदा म्हणतात तसा सौदाही होतो. फेब्रुवारी २०२२ ला सॅक्रामेंटोनं हॅलिबर्टन इंडियानाला दिला, साबोनिस घेतला. लोकांनी सॅक्रामेंटोला तेव्हा लय शिव्या दिल्या. पण पुढच्याच वर्षी त्यांचा १६ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला, आणि इंडियाना यंदा अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला.

अजून चार हंगाम करार बाकी आहे म्हणून घेणाऱ्याला तो आज आकर्षक आहे. एकदा फेब्रुवारीत पुन्हा जखमी झाला की तोच करार गळ्यात धोंडा. भाव पडलाय म्हणून थांबणं बरोबर नाही, अजून पडू शकतो ना.

---

आर्वीची_स्वाती | २५ जुलै, सकाळी ७.०५

काटोलच्या भाऊंचं ओक्लाहोमाचं उदाहरण मला इथं लागू होत नाही असं वाटतं. पॉल जॉर्ज त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा होता, आणि कवाय लेनर्डला आणायचं तर जॉर्ज हवाच, अशी क्लिपर्सची गरज होती. गरजू गिऱ्हाईक होतं म्हणून तो भाव आला. लामेलोसाठी आज असं कोण अडलंय? नाव सांगा.

मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर कर्ज आणि तारण हेच बघते, म्हणून मला या खेळात पगाराचा हिशेब सगळ्यांत जास्त आवडतो. लोक म्हणतात, याला द्या, त्याला घ्या. पण जो संघ पगाराच्या मर्यादेच्या वर आहे, त्याला जेवढा पगार पाठवतो साधारण तेवढाच घेता येतो. येत्या हंगामाची मर्यादा १५ कोटी ४६ लाखांच्या आसपास आहे आणि बहुतेक संघ तिच्या वरच आहेत. लामेलोचे ३ कोटी ८० लाख जुळवायचे तर समोरच्याला दोन-तीन खेळाडू एकत्र बांधून द्यावे लागतात. २०२३ च्या नव्या करारानं पगाराच्या सगळ्यांत वरच्या रेषेपलीकडच्या, म्हणजे सेकंड एप्रनच्या संघांना पगार असे एकत्र बांधायलाच बंदी आहे. म्हणजे जे श्रीमंत संघ जिंकायला टेकलेत आणि भाव देऊ शकले असते, त्यांतले काही बाजारातूनच बाहेर. उरतात आपल्यासारखेच अर्धवट संघ. ते काय देणार? त्यांचे नको असलेले करार आणि अटी लावलेली पिकं.

नुर्किचच्या बदल्यात सेक्स्टन इतक्या सहज आला तो यामुळेच. दोघांचा पगार जवळपास १ कोटी ९० लाख, दोघांचेही करार या वर्षी संपणारे. हिशेब आपोआप जुळला. युटाला फक्त सेक्स्टन नको होता.

पिकांबद्दल एक सांगते, कारण इथं सगळे "पहिल्या फेरीचं पिक" म्हणून मोजतात आणि अट बघत नाहीत. पी. जे. वॉशिंग्टन डॅलसला दिला तेव्हा आपल्याला २०२७ चं पिक मिळालं, फक्त पहिले दोन नंबर राखीव, म्हणजे तेवढ्यात आलं तरच ते डॅलसकडे राहतं. हे पक्कं तारण आहे. रोझियर मायामीला दिला तेव्हाचं २०२७ चं पिक लॉटरीत, म्हणजे वरच्या चौदा नंबरांत, गेलं तर त्या वर्षी आपल्याला मिळत नाही, पुढच्या वर्षावर जातं. दोन्हींना एकच किंमत लावून कसं चालेल? उलट बाजूनं न्यू ऑर्लिन्स बघा. गेल्या महिन्यात तेराव्या नंबरवर डेरिक क्वीनला घ्यायला त्यांनी २३ वं पिक दिलंच, वर २०२६ चं पहिल्या फेरीचंही देऊन टाकलं, कसलीही अट न ठेवता. २१ सामने जिंकलेल्या संघानं! वरूडच्या दादांच्या भाषेत सांगायचं तर झाडाला फूल यायच्या आधीच पुढचा बहार विकला.

आता दादांनाही एक सांगते, राग मानू नका. "तो ७५ खेळला आणि आपण ४३ जिंकलो" हे अर्धंच खरं. त्या वर्षी रोझियर आणि माइल्स ब्रिजेसही जवळजवळ पूर्ण हंगाम खेळले, हेवर्ड निदान अर्ध्याहून जास्त होता, ऊब्रे बाकावरून येऊन धावा काढायचा… म्हणजे गुण, सवयीनं क्रिकेट आलं. लामेलोच्या आजूबाजूला माणसं होती. मागच्या वर्षी मिलर गेला, ग्रँट विल्यम्सचा गुडघा गेला, मार्क विल्यम्स ४४ सामने खेळला. लामेलो २५ च्या वर गुण काढत होता पण ४१ टक्क्यांहून कमी नेम, कारण प्रत्येक चेंडू त्यालाच मारावा लागत होता.

म्हणून माझं उदाहरण डेट्रॉइट आहे. २०२३-२४ ला सलग २८ हरले, हंगामात १४ च विजय. केड कनिंगहॅमला विका असं तेव्हाही म्हणणारे होते. त्यांनी केडला ठेवलं, प्रशिक्षक बदलला, टोबायस हॅरिस, टिम हार्डवे आणि बीझली असे लांबून मारणारे अनुभवी लोक आणले. पुढच्या वर्षी ४४ विजय. आपल्याकडे यंदा सेक्स्टन, डिनविडी, कॉनॉटन आलेत, तीच दिशा दिसते. मला चिंता आहे ती मधल्या उंच माणसाची. विल्यम्स गेला, नुर्किच गेला. डियाबाटे धडपडतो छान पण अंगानं हलका. काल्कब्रेनर ३४ वा निवडलेला, सात फूट एक इंच, त्याच्यावर पहिल्याच वर्षी किती टाकणार? आधी हे भरा.

---

दर्यापूरचे_मास्तर | २५ जुलै, दुपारी १.३०

तिघायचंही वाचलं. पोरंहो, तुमी भाव पाहून रायले, पाय कोनी पाहून नाई रायलं.

मी तीस वर्सं शाळेत खेळाचा मास्तर होतो, शिकलो अमरावतीले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. बैलबाजारात कास्तकार बैल घेते तवा दात पाह्यते, मंग त्याले चालवून पाह्यते. वळनावर चालवते. सरळ तं सगळेच बैल चालतात. लंगडा पाय वळनावर दिसते.

लामेलोचं तेच हाय. २७ फेब्रुवारी २०२३ ले डेट्रॉइटच्या सामन्यात कोनाचा धक्का नाई, कोनी पायावर पडलं नाई, आन् उजवा घोटा मोडला. पुढच्या हंगामात पुन्हा तोच घोटा. यंदा मार्चात पुन्हा त्याच घोट्यावर आन् मनगटावर छोटी शस्त्रक्रिया. हे नशीब नोहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळाची शक्यता जास्त असते, काऊन की दुखनं जाते पन पायाचं भान परत येत नाई. पाय कुठं टेकला हे डोक्याले उशिरा समजते.

आमच्या शाळेच्या मैदानावर मुरूम होता. पोरी उडी मारून खाली आल्या की पाय सरके. एक पोरगी होती, जिल्ह्यात तिच्यासारखा पास देनारी नव्हती. घोटा मुरगळला, सूज उतरली, तालुक्याचा सामना होता म्हनून दहाव्या दिवशी मी तिले खेळवलं. दुसऱ्या मिनिटाले बसली. तो आवाज मले आजही आयकू येते. माही चूक होती, तिची नाई. त्याच्यानंतर मी नेम केला: डोळे मिटून, त्याच एका पायावर न हलता उभं रायता आलं पायजे, दुसऱ्या पायाएवढंच. मंग एका पायावर उडी. मंग वळन. तवाच चेंडू. आन् पट्टा बांधल्याबिगर नाई.

म्हनून मी ना विकीन ना ह्याच्या भरवशावर बसीन. त्याचे मिनिटं कमी करीन. लागोपाठ दोन रात्री सामना असला तं एक बसवीन. सेक्स्टन त्याच्यासाठीच कामाचा हाय, चेंडू घेऊन जानारा दुसरा मानूस. चाळीस मिनिटं खेळवून पन्नास सामन्यांत मोडन्यापेक्षा अठ्ठावीस-तीस मिनिटं खेळवून सत्तर सामने घ्या. मंग भावही आपोआप कळीन, विकाचा असला तं.

---

काटोल_ते_कोर्ट | २५ जुलै, दुपारी ३.००

सर, तुमचं घोट्याचं मान्य. माझ्या पोरांकडून उद्यापासून डोळे मिटून उभं राहून घेतो. पण मोठा पगार घेणारा माणूस स्वतःहून बसायला तयार होईल का, हा प्रश्न राहतोच. विकण्याबद्दल माझं मत तेच आहे. स्वातीताई, गिऱ्हाईक कोण हे मात्र मला खरंच सांगता आलं नाही.

---

अंबिया_वरूड | २५ जुलै, रात्री १०.२०

दिवसभर बगीच्यात होतो, आत्ता सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

स्वातीताई, राग कसला. ७५ सामन्यांचा आकडा मी तीन वर्षं मनात धरून बसलो होतो आणि बाकीची माणसं विसरलो होतो. रोझियरचे त्या वर्षीचे शेवटच्या मिनिटातले फटके मी याच धुऱ्यावर उभं राहून पाहिलेत, तरी विसरलो. गिऱ्हाइकाचंही पटलं. ऑगस्टमध्ये मी बगीचा दिला तेव्हा व्यापाऱ्याला माझी गरज दिसत होती, त्याची मला दिसत नव्हती. पीटरसनला आत्ता विकायची घाई असल्याचं बाहेर दिसलं तर तेच होईल.

काटोलच्या भाऊंचंही मी टाकून देत नाही. तुमचे १०५ सामने मी वहीत लिहून ठेवले. माझं आता असं ठरलंय: फेब्रुवारीच्या ट्रेड (खेळाडूंच्या सौद्यांच्या) मुदतीपर्यंत साधारण पन्नास सामने होतात. त्यांतले पस्तीस तो खेळला, आणि मास्तर म्हणतात तसं मिनिटं कमी करून खेळला, तर मिलर, कनिपल आणि तो हे तिघं एकत्र कसे दिसतात ते बघायचं, निर्णय उन्हाळ्यात. या तिघांना एकत्र खेळताना अजून कोणी पाहिलेलंच नाही, आणि न पाहता विकणं मला जड जातं. पस्तीस नाही झाले तर मी तुमच्या बाजूनं येईन, पण तेव्हाही अट नसलेलं निदान एक पिक हवं, नुसते करार नकोत. आणि मधला उंच माणूस आधी. त्यासाठी मायामीचं पिक खर्च करायला माझी हरकत नाही, डॅलसचं मात्र हलवू नये.

बगीच्याशी तुलना मीच सुरू केली, पण आज फवारणी करताना लक्षात आलं की ती एका ठिकाणी तुटते. व्यापारी गुरुवारी येतोय. मी त्याला नाल्याकडच्या दीडशे झाडांचा सौदा सांगणार आहे आणि विहिरीकडचा बगीचा ठेवणार आहे. लामेलो असा अर्धा देता येत नाही.

मास्तर, तुमची ती पोरगी वाचून बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी संध्याकाळी सात मुलींना शिकवतो. वेल्डरकडून सळईची रिंग करून घेतली, मागं प्लायवूड. मैदान आमचंही मुरमाचंच, पावसानं आता मधोमध नाली पडली आहे. त्यातल्या एकीचा डावा घोटा गेल्या आठवड्यात मुरगळला, सूज उतरली आहे, आणि ती रोज येऊन विचारते, दादा आज खेळू का. आज तिला दोन्ही पायांवर आळीपाळीनं डोळे मिटून उभं केलं. उजव्यावर वीस सेकंद सहज, डाव्यावर सहाव्या सेकंदाला हात पसरले. तिला किती दिवस थांबवू, आणि पट्टा रात्री काढायचा की नाही, तेवढं सांगा.